आधी छप्पर, मग खुर्च्या

तालुक्याच्या गावातल्या जुन्या टॉकीजचं नूतनीकरण ठरलं, की पहिला खर्च हमखास खुर्च्यांवर होतो. मग दर्शनी भागाला रंग, लॉबीत ग्रॅनाइट, आणि उरलंसुरलं प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये. दोन पावसाळे गेले की नव्याकोऱ्या गाद्यांवर ओलीचे डाग उमटतात, पडद्याच्या कोपऱ्यात बुरशी धरते, आणि 'हल्ली लोकच येत नाहीत' हे पालुपद सुरू होतं. लोक कमी झालेत हे खरंच आहे. पण टॉकीज बंद पडते ती पुष्कळदा प्रेक्षकाची नजर जिथे पोचत नाही तिथून: छपरापासून, मेन बोर्डापासून, वितरकाच्या हिशेबाच्या कागदापासून. म्हणून पैसा लावायचा क्रम असा असावा: छप्पर, वायरिंग, बाहेर पडायचे दरवाजे, पडद्यावरचा उजेड, आवाज, मग खुर्च्या. दर्शनी भाग सगळ्यात शेवटी.

त्याआधी इमारत वाचता आली पाहिजे. सिनेमा आपल्याकडे ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात उतरला, पण लहान गावांनी तो पाहिला तंबूत. फिरत्या टॉकीज जत्रेमागून जत्रा करायच्या आणि पावसाळ्यात तंबू मिटायच्या. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि बोलपट सुरू झाले. संगीत नाटक मंडळ्यांचा धंदा बसला, आणि त्यांच्या भरवशावर उभ्या असलेल्या नाट्यगृहांत रंगमंचावर पडदा ताणला गेला. तुमची टॉकीज या जातीची आहे का, ते पडद्यामागे गेल्यावर कळतं. पडदा आणि मागची भिंत यांत पंधरा-वीस फूट जागा, दोन्ही अंगांना विंगा आणि मागे रंगपटाच्या खोल्या असतील, तर ते मूळचं नाट्यगृह. सिनेमासाठीच बांधलेल्या इमारतीत ही जागा स्पीकर मावण्यापुरती, चार-सहा फुटांची असते. हा रंगमंच मोडक्या खुर्च्यांनी भरून टाकू नये. पडदा चाकांच्या चौकटीवर घेतला तर हॉल नाटकाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला, व्याख्यानमालेला देता येतो. त्या प्रयोगांची परवानगी सिनेमाच्या परवान्याहून वेगळी लागते, ती आधी काढून ठेवावी.

केबिनच्या भिंती इतक्या जाड का, हा प्रश्न नेहमी येतो. सुरुवातीची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची होती. ती एकदा पेटली की तिला बाहेरच्या हवेची गरज उरत नाही, पाण्याखालीही जळत राहते. म्हणून केबिन पक्क्या बांधकामाची, आणि हॉलकडच्या झरोक्यांना साखळीवर टांगलेल्या लोखंडी झडपा. साखळीत लवकर वितळणारा दुवा असायचा. आग लागली की दुवा वितळून झडप आपोआप पडायची. १९५० च्या आसपास नायट्रेट जाऊन अॅसिटेटची फिल्म आली, तरी केबिन तशीच बांधली जात राहिली. छतातली चिमणी होती कार्बनच्या धुरासाठी. दोन कांड्यांमध्ये ठिणगीचा कमानदार झोत पेटवून उजेड करायचे, त्याचा धूर आणि राख बाहेर काढायला. ही चिमणी बुजवू नका, झेनॉन दिव्याच्या प्रोजेक्टरची गरम हवा बाहेर सोडायला तीच उपयोगी पडते.

केबिनमध्ये प्रोजेक्टरची दोन मशीन शेजारी-शेजारी असण्याचं कारणही रिळाच्या हिशेबात आहे. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट पळते. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, दोन जोडून लावली तर बावीस. संपायच्या आधी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर सुरू, साधारण सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, त्याला झडप बदल. ऑपरेटर चुकला की हॉलभर शिट्ट्या. आता ही मशीन भंगारात निघतात. निदान एक ठेवावं, आणि ठेवायचं तर नुसता चंदेरी रंग फासून लॉबीत उभं करू नये. गिअरपेटीतलं जुनं तेल काढून नवं भरा, महिन्यातून एकदा हाताने चाक फिरवा, भिंगं वेगळी काढून कोरड्या डब्यात ठेवा. भिंगांत बुरशी शिरली की ती जात नाही.

केबिनच्या माळ्यावर जुनी रिळं सापडली तर डबा उघडताच वास घ्या. व्हिनेगरचा आंबूस वास म्हणजे अॅसिटेट कुजायला लागलंय. त्याला आगीचा तसा धोका नाही, पण शेजारच्या रिळांना लागतं. फिल्म चिकट झालेली, तपकिरी भुकटी सुटलेली दिसली तर ती नायट्रेट असू शकते. ती हलवू नये, तिच्याजवळ काडी ओढू नये. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून नेमकं हेच जपतंय, त्यांना कळवावं. पोस्टर, हँडबिलं, गाण्यांची पुस्तिका, रोजच्या कलेक्शनच्या वह्या हेही रद्दीत घालण्याआधी त्यांना विचारावं.

आता छप्पर.

बहुतेक टॉकीजवर लोखंडी कैच्या, म्हणजे छपराचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे, आणि त्यांवर अॅस्बेस्टॉस सिमेंटचे पन्हळी पत्रे असतात. गळती तीन ठिकाणी शोधावी. पहिली पत्रा धरून ठेवणाऱ्या जे-हुकच्या भोकात: हुकाखालचा डांबरी वॉशर उन्हाने कडक होतो, तडकतो, आणि पाणी हुकावरून आत उतरतं. दुसरी पत्र्यांच्या जोडात. वरचा पत्रा खालच्यावर निदान १५० मिलिमीटर चढलेला हवा, उतार कमी असेल तर जास्त. तिसरी आणि सगळ्यात वाईट दर्शनी भिंतीच्या मागे. रस्त्यावरून भव्य दिसावी म्हणून ही भिंत छपराच्या वर आठ-दहा फूट चढवलेली असते. तिच्यामागे पाणी अडतं, म्हणून तिथे एक पन्हळ दिलेली असते, आणि त्या पन्हळीत पिंपळाची पानं, कबुतरांची घाण, पतंग, चेंडू असं सगळं साचतं. पन्हळ भरली की पाणी उलटं आत येतं आणि नेमकं कैचीच्या टोकावर, जिथे ती भिंतीवर टेकते तिथे पडत राहतं. वर्षानुवर्षं. छत कोसळतं ते बहुधा इथून, मधून नाही. म्हणून कैचीच्या टोकाशी असलेली तळपट्टी हातोडीने ठोकून पाहावी. खपल्या सुटल्या, जाडी निम्मी झाली असं दिसलं तर इंजिनिअरला बोलवावं, वेल्डरला नाही. वेल्डर नवी पट्टी जोडून देतो आणि खालचा गंज तसाच राहतो.

गळती शोधायला पावसाची वाट पाहू नये. मे महिन्यात पाइप लावून खालच्या कडेपासून वर-वर पाणी सोडत जावं, एका टप्प्याला दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे पसरतं आणि काहीच कळत नाही. फॉल्स सीलिंगवरचा डाग जिथे दिसतो तिथे गळती नसते. पाणी आडव्या लोखंडावरून पाच-दहा फूट सरकून मग टपकतं. म्हणून एक माणूस सीलिंगच्या वर टॉर्च घेऊन हवा. भर दुपारी दिवे बंद करून वर पाहिलं तर भोकं चांदण्यांसारखी दिसतात, तेही उपयोगी.

सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवून माणसं पडतात. दोन आधारांवर टेकलेली फळी टाकूनच चालावं. हे पत्रे कोरडे कापू नयेत, तारेच्या ब्रशने घासू नयेत. धुळीतले अॅस्बेस्टॉसचे तंतू फुफ्फुसात जातात. ओले करून, हुक कापून, अख्खे उतरवावेत. जागी रंगीत लोखंडी पत्रा घातला तर एक गोष्ट हमखास विसरली जाते: पातळ पत्र्यावर पावसाचा आवाज भयंकर होतो. जुना सिमेंटचा पत्रा जड होता, म्हणून तो इतका वाजत नव्हता. नव्या पत्र्याखाली ५० मिलिमीटर जाडीची ग्लासवूल (काचेच्या तंतूंची गादी), तिला खालून जाळी, हे नसेल तर आषाढात संवाद ऐकू येत नाहीत. प्रेक्षक 'आवाज, आवाज' ओरडतात, ऑपरेटर आवाज चढवतो, आणि दिवाळीपर्यंत स्पीकरमधले वरच्या पट्टीचे ड्रायव्हर जळलेले असतात. हीच ग्लासवूल उन्हाळ्यात एसीचं बिलही कमी करते.

वायरिंगबद्दल थोडक्यात. लाकडी पट्टीवरची रबर-सुताची जुनी वायर दिसली तर तपासत बसू नका, काढा. बाकीची सर्किटं ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरचं इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, तपासावीत. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर ते सर्किट बंद ठेवावं. केबिन, एसी, हॉलचे दिवे आणि आपत्कालीन दिवे यांच्या लाइन मेन बोर्डापासूनच वेगळ्या हव्यात. साउंड आणि प्रोजेक्टरला एकाच फेजवर आणि एकाच अर्थिंगवर घ्या, नाहीतर स्पीकरमध्ये सतत 'हंऽऽ' असा घोर येतो आणि लोक तो अॅम्प्लिफायरचा दोष समजून अॅम्प्लिफायर बदलतात. पडद्यामागची लाकडी फळ्यांची जमीन आणि बाल्कनीच्या लाकडी पायऱ्या वाळवीला आवडतात. तिथे पेचकस टोचून पाहावा, सहज घुसला तर लाकूड गेलं.

बाहेर पडायच्या दरवाजांवर मात्र थांबायला हवं. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमात ५९ माणसं गेली. आग लागली होती तळमजल्याच्या पार्किंगजवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून; माणसं मेली बाल्कनीत, धुराने. जास्तीच्या खुर्च्या टाकून एका बाजूची वाट बंद केलेली होती, दिवे गेले, कोणी घोषणा केली नाही. यातलं एकेक आपल्या गावातल्या टॉकीजमध्ये तपासून पाहा. ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर कुठे आहेत, जिन्याखाली मोटरसायकली लागतात का, हिट सिनेमाला वाटेत लोखंडी खुर्च्या टाकल्या जातात का. सगळ्यात जुनी खोड म्हणजे फुकटे आत शिरू नयेत म्हणून बाजूच्या दरवाजांना बाहेरून कडी. त्यावर उपाय साधा आहे: आतून आडवा दांडा ढकलला की उघडणारं, बाहेरून मात्र न उघडणारं कुलूप, आणि दरवाजा उघडला की डोअरकीपरजवळ वाजणारी घंटा. दरवाजे बाहेरच्या बाजूला उघडणारेच हवेत. महिन्यातून एकदा रिकाम्या हॉलमध्ये मेन स्विच पाडून अर्धा तास बसावं. आपत्कालीन दिवे तेवढा वेळ टिकले नाहीत तर बॅटऱ्या संपल्यात. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा परवानाधारक एजन्सीचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. एजंटाकडून नुसता कागद आणणारे पुष्कळ आहेत. आग विझवायच्या नळाला पाणी येतं का, एवढं तरी स्वतः पाहावं.

उजेडाचा हिशेब कोणी करत नाही, दुकानदार सांगेल तो प्रोजेक्टर येतो. डिजिटल सिनेमाचं मान म्हणजे पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडदा किती उजळ दिसतो त्याचं माप). पडदा ४० फूट रुंद असेल तर सिनेमास्कोपच्या प्रमाणात उंची साधारण पावणेसतरा फूट, क्षेत्रफळ ६७० चौरस फूट. ६७० गुणिले १४, म्हणजे सुमारे ९,४०० ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) पडद्यावर पोचले पाहिजेत, पडदा साधा पांढरा असला तर. पण प्रोजेक्टरमध्ये चित्र घडवणाऱ्या टू-के चिपच्या १,०८० ओळींपैकी सिनेमास्कोप चित्र ८५८ ओळीच वापरतं, बाकीचा उजेड वाया. म्हणून ९,४०० चे झाले ११,८००. केबिनच्या झरोक्याला साधी काच असेल तर तिच्यात आणखी आठ टक्के जातात. दिवा जुना होत जातो तसा मंदावतो. हे सगळं धरलं तर पंधरा-सोळा हजार ल्युमेनच्या खाली उतरू नये. आठ हजारांचा प्रोजेक्टर बसवून 'पिक्चर अंधारा का दिसतो' विचारण्यात अर्थ नाही. झरोक्याला परावर्तन न होणारी काच बसवणं हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे. तिच्या खालोखाल स्वस्त, ती काच पुसणं.

झेनॉन दिव्यात वायू दाबाखाली भरलेला असतो, थंड असतानाही. बदलताना तोंडावर ढाल, हातात जाड मोजे, आणि काचेला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचं तेल तापून तिथेच काच कमकुवत होते. छापील तासांपलीकडे दिवा ताणला तर काच काळवंडते आणि कधीतरी तो आतच फुटतो, आरसा घेऊन जातो. खेळ संपल्यावर पंखे दहा-पंधरा मिनिटं चालूच हवेत. म्हणून वीज गेल्यावर प्रोजेक्टरचे पंखे काही सेकंदांत जनरेटरवर आले पाहिजेत. यूपीएस सिनेमाची फाइल चालवणाऱ्या सर्व्हरला असतो, पंख्यांना नसतो, आणि दिव्यांचं आयुष्य लोडशेडिंगच्या गावात घटतं ते यामुळे. लेझर-फॉस्फर प्रोजेक्टर आता यासाठीच घेतात: वीस हजार तासांच्या आसपास तरी दिवा बदलायची कटकट नाही. पण त्याचा उजेड हळूहळू उतरतो, अचानक जात नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. सहा महिन्यांनी मीटर लावून आकडा वहीत लिहावा.

पडद्याला रंग मारू नये. हा सल्ला पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. पडद्याला मिलिमीटरभर आकाराची हजारो भोकं असतात, कारण स्पीकर त्याच्या मागे असतात. बिडीच्या धुराने पिवळा पडलेला पडदा पांढरा करायला कोणी रोलर फिरवला की भोकं बुजतात आणि 'स', 'श' ऐकूच येईनासे होतात.

२००५ मध्ये डिजिटल सिनेमाची जागतिक मानकं ठरली आणि त्याच सुमारास आपल्याकडे उपग्रहावरून सिनेमा पाठवण्याची सेवा सुरू झाली. लहान गावांना त्याचा फायदा मोठा झाला. आधी मोजक्या प्रिंट शहरांत धावून, ओरखडे पडून, पत्र्याच्या पेटीतून एसटीने गावात यायच्या तेव्हा सिनेमा शिळा झालेला असायचा. एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये, इकडचं रीळ संपलं की सायकलवरून तिकडे, हेही चालायचं. आता शुक्रवार सगळीकडे एकच आहे. पण किल्ली नावाचं नवं दुखणं आलं. सिनेमाची फाइल कुलूपबंद असते, आणि ती उघडणारी किल्ली ठराविक सर्व्हरसाठी, ठराविक तारखा-वेळांपुरतीच चालते. सर्व्हरचं घड्याळ चुकलं, कार्ड बदललं, किंवा वितरकाला जुना क्रमांक कळवलेला राहिला तर पहिल्या खेळाला पडदा काळा. किल्ली गुरुवारी संध्याकाळीच चढवून पहिली पाच मिनिटं चालवून पाहावी. शुक्रवारी सकाळी हेल्पलाइन लागत नाही. सर्व्हरच्या सुरक्षा कार्डात एक छोटी बॅटरी असते. ती पूर्ण उतरली तर आतली प्रमाणपत्रं पुसली जातात आणि कार्ड कंपनीकडे पाठवावं लागतं. मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२० आणि पुन्हा एप्रिल ते ऑक्टोबर २०२१ महाराष्ट्रात थिएटरं बंद होती, तेव्हा हे फार महागात पडणारं होतं. बंद टॉकीजमध्येही आठवड्यातून एकदा सर्व्हर काही तास चालू ठेवावा.

आवाजाचा मुख्य प्रश्न स्पीकरचा नसून रिकाम्या हॉलचा आहे. जुने हॉल भरलेले असतील असं गृहीत धरून बांधलेत. साडेचार हजार घनमीटरच्या हॉलमध्ये आवाजाचा घुमारा एका सेकंदावर आणायला आवाज पूर्ण शोषणारा सुमारे सव्वासातशे चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. एक प्रेक्षक अर्ध्या चौरस मीटरच्या जरा कमी शोषतो. ७२० माणसं बसली तर जवळपास निम्मं काम तीच करतात. साठ माणसं आणि लाकडी खुर्च्या असतील तर हॉल विहिरीसारखा वाजतो. गादीच्या खुर्च्या इथे खऱ्या उपयोगी पडतात, रिकाम्या असल्या तरी त्या शोषतात. त्याआधी मागची भिंत. पडद्यापासून ३० मीटरवर ती असेल तर आवाज जाऊन यायला १७५ मिलिसेकंद लागतात, आणि पुढच्या रांगेत प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. त्या भिंतीवर आणि बाल्कनीच्या कठड्यावर ५० मिलिमीटर रॉकवूल, मागे तेवढीच हवेची पोकळी, वर आग न धरणारं कापड. बाजूच्या भिंती त्यानंतर. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल कुठेही लावू नये. आवाज थांबत नाही आणि आग मात्र धावते.

आता पैसे. वितरणाच्या विभागांचा, म्हणजे सर्किटचा, नकाशा अजून जुन्या राजवटींचा आहे: विदर्भ सीपी-बेरारमध्ये, मराठवाडा निझाममध्ये, पश्चिम महाराष्ट्र मुंबई सर्किटमध्ये. राज्य १९६० ला एक झालं, सिनेमाच्या धंद्यात झालं नाही. त्यामुळे शंभर किलोमीटरवरच्या दोन टॉकीजना वेगळ्या वितरकांशी वेगळ्या अटींवर बोलावं लागतं. निर्माते-वितरकांच्या २००९ च्या संपानंतर मल्टिप्लेक्सचा वाटा ठरला, पहिल्या आठवड्यात निर्मात्याला ५० टक्के, मग पुढच्या आठवड्यांत ४२.५, ३७.५, ३०. एकपडदावाल्यांचं असं ठरलेलं काही नाही, कुठे टक्केवारी, कुठे ठोक भाडं, कुठे मिनिमम गॅरंटी. मिनिमम गॅरंटी म्हणजे धंदा होवो न होवो, ठरलेली रक्कम वितरकाला द्यायचीच; सिनेमा पडला तर तुम्ही पडलात. लहान गावाने ती टाळावी, टक्केवारी एक-दोन जास्त गेली तरी चालेल.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. ४५० खुर्च्या, तिकीट १०० रुपये, वाटा निम्मा-निम्मा. सकाळच्या खेळाला २० माणसं, तुमच्या वाट्याला माणशी ५० रुपये. साठ टनांचा एसी एका खेळाला दीडशे-पावणेदोनशे युनिट खातो, म्हणजे माणशी आठ युनिट. युनिटला दहाच रुपये धरले तरी ८० झाले. खेळ दाखवून तोटा. म्हणून एसी एकच मोठा घेऊ नये, दोन भागांत घ्यावा आणि सकाळी मागच्या अर्ध्या हॉलचीच तिकिटं विकावीत. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पाण्याचे कूलर निम्म्याहून कमी विजेत काम देतात. कोकणात ते उपयोगाचे नाहीत आणि श्रावणात कुठेच नाहीत, उलट पडद्याला बुरशी आणतात. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून महाग तिकिटावर १८. दहा-वीस रुपये वाढवून शंभरी ओलांडली तर ती वाढ बरीचशी सरकारकडेच जाते आणि गिऱ्हाईक मात्र तुमच्यावर चिडतं.

खुर्च्या इतक्या मागे ठेवल्या त्या यासाठी की त्या क्षमता ठरवतात. जुन्या रांगांत ३४ इंचांचं अंतर असायचं, आता ४४ तरी लागतं. २४ रांगांच्या १८ होतात. रांगेत ३० खुर्च्यांच्या जागी २५ बसतात. ७२० चे ४५० झाले, आणि आठवड्यातले सहा दिवस तेवढेही पुरून उरतात.

बाल्कनी भिंतीने वेगळी करून दुसरा पडदा काढायचा मोह इथेच होतो. कल्पना वाईट नाही, पण केबिन बाल्कनीच्या मागे असते आणि तिचा झोत बाल्कनीतल्या डोक्यांवरून खालच्या पडद्यावर जातो. भिंत घातली की खालचा हॉल आंधळा झाला. त्याला बाल्कनीखाली नवी केबिन लागते, तिथे उंची आठ-नऊ फूट, झोत समोरच्यांच्या डोक्याला लागतो. दोन हॉलमधली विटांची एकेरी भिंत धडामधुडुम थांबवत नाही; मध्ये पोकळी ठेवून दोन वेगळ्या भिंती घालाव्या लागतात, आणि तो भार जुनी बाल्कनी पेलेल का हे आधी मोजावं लागतं. तिथे नाही असं उत्तर आलं तर विषय सोडावा.

दर्शनी भाग राहिला. त्यावर अॅल्युमिनियमचे पॅनेल ठोकू नयेत. मागे ओल कोंडते, पोकळीतून आग वर चढते, आणि शंभर भोकांनी जुना गिलावा खिळखिळा होतो. लाकडी मोगरीने गिलावा ठोकत जावं, पोकळ वाजेल तेवढाच काढावा, आणि भिंत चुन्यातली असेल तर चुन्यानेच भरावा. सिमेंटचा कडक थर ओल आत धरून पुढच्या वर्षी पोपड्यासारखा सुटतो. टॉकीजच्या नावाची सिमेंटची अक्षरं फुटलेली असतील तर आतली सळई गंजून फुगल्यामुळे फुटलेली असतात. गंज खरवडून, सळईला गंजरोधक लावून मगच अक्षर भरावं. त्यांना मागून उजेड द्यायचा असेल तर २४ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या घ्याव्यात, आणि त्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर आत, कोरड्या जागी ठेवावेत.